हाउसिंगचं तेल: डब्यावर नंबरच्या खाली काय लिहिलंय?

आयटीआयचं मोटार मेकॅनिकचं सर्टिफिकेट घेऊन मी हिंगणघाटकडच्या एका गॅरेजात लागलो, तेव्हा तेल बदलणं हे काय शिकायचं काम आहे असं मला वाटायचं. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या आणि उस्तादांनी एका पिकअपच्या मागच्या हाउसिंगचं, म्हणजे मागच्या ॲक्सलवरच्या गिअरच्या पेटीचं, तेल बदलायला सांगितलं. फळीवर ९० नंबरचा डबा होता, तो ओतला. अडीच महिन्यांनी तीच गाडी परत आली. जरा स्पीड धरला की मागून घूंऽऽ आवाज. खोलून पाहिलं तर पिनियनचे, म्हणजे आतल्या छोट्या गिअरचे, दात खरवडलेले.

"काहून बे पोट्ट्या, डबा वाचला होता का?"

"नव्वद नंबरच होता ना, उस्ताद."

"अन् त्याच्या खाली?"

खाली जीएल-४ लिहिलं होतं. ते गिअरबॉक्सचं तेल. क्राउन (पिनियन ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) आणि पिनियनच्या नव्या जोडाचे पैसे चार महिने माझ्या पगारातून कापले गेले, म्हणून ही गोष्ट माझ्या चांगली ध्यानात आहे.

नंबर फक्त तेलाचा जाडपणा सांगतो. दातांवरचा दाब ते तेल सोसेल की नाही, हे जीएल, म्हणजे गिअर तेलाचा दर्जा, सांगतो. पिकअपच्या मागच्या ॲक्सलमध्ये बहुतेक हायपॉइड गिअर असतात. त्यात पिनियन क्राउनच्या मध्यरेषेच्या खाली बसतो, त्यामुळे दात एकमेकांवर नुसते फिरत नाहीत, घासत सरकतातही. त्या घासण्यात तेलाचा थर पिळून निघतो. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं तेव्हा धातूवर स्वतःचा पातळ थर धरतात. तेलाचा तो उग्र वास गंधकाचाच. मग जीएल-५ सगळीकडेच का ओतू नये? तर गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्यांना) ते मानवेलच असं नाही. मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल तर तिथे जीएल-४च.

आता जाडपणाचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि गाडीमालक म्हणतो, "एकशेचाळीस नंबर टाक, मंग काई होत नाई." ८५डब्ल्यू-१४० (पहिला आकडा थंडीतला जाडपणा, दुसरा गरम तेलाचा) वाईट नाही, सतत ओव्हरलोड आणि उन्हाळा असेल आणि कंपनीने परवानगी दिली असेल तर चालतं. पण गरज नसताना जाड तेल ढवळण्यातच ताकद जाते, ॲव्हरेज पडतं. मॅन्युअलमध्ये ८०डब्ल्यू-९० लिहिलं असेल तर मी तेच टाकतो. (गिअर ऑइलचं ९० आणि इंजिन ऑइलचं ५० यांची मापपट्टीच वेगळी, गरम झाल्यावर ९० साधारण इंजिनच्या ४०-५० एवढंच जाड असतं.) लिमिटेड स्लिपवाली (एकच चाक नुसतं गरगर फिरू नये अशी सोय असलेली) गाडी आली तर वेगळं ॲडिटिव्ह लागू शकतं, तेही मॅन्युअल पाहूनच.

पावसाळ्यानंतर मात्र तेल बदलायला किलोमीटर मोजत बसू नका. भरल्या गाडीने तापलेलं हाउसिंग नाल्याच्या पाण्यात बुडालं की आतली हवा एकदम थंड होऊन आकसते आणि ब्रीदरमधून (हाउसिंगवरच्या हवेच्या बारीक भोकातून), नाहीतर जुन्या सीलमधून पाणी ओढून घेते. तेल दुधाळ चहासारखं दिसलं की सगळं काढायचं. ब्रीदर काळ्या मातीने बुजला असेल तर उलटा प्रकार होतो: आतला दाब सील ढकलतो, तेल चाकाच्या हबमधून ब्रेक लायनरवर येतं आणि मालक ब्रेक लागत नाही म्हणून भांडायला येतो. दोन रुपयांची तार घालून ब्रीदर साफ करायचा, बस.

तेल कोमट असताना सोडा. ड्रेन नटाच्या (तेल सोडायच्या खालच्या नटाच्या) चुंबकावर राखाडी लेप असला तर घाबरू नका. लोखंडाचे कपचे लागले तर हाउसिंग खोलायला सांगा. भरताना गाडी सपाट जागेवर, आणि तेल भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंतच. बोट घालून पाहा.

आणि खालचा नट खोलायच्या आधी वरचा, भरायचा नट सैल होतो का ते पाहा. मी एकदा आधी तेल सोडून दिलं. वरचा नट गंजून बसलेला. संध्याकाळपर्यंत छिन्नी-हातोडी चालली, आणि संत्र्याचे कॅरेट भरायला निघालेला मालक समोरच्या टपरीवर चहावर चहा पीत माझ्याकडे बघत होता.