वळवाच्या विजेपासून घरातील उपकरणे कशी वाचवावीत

मे महिन्यात वळीव गडगडून गेला की दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या दुकानांत टीव्ही आणि राउटर यांची रांग लागते, आणि बहुतेक घरांवर वीज पडलेलीच नसते. ती दोन-तीनशे मीटरवर कोसळली तरी पुरते, कारण तिचा हजारो अँपिअरचा प्रवाह काही मायक्रोसेकंदांत चढतो, त्यातून विद्युतचुंबकीय स्पंद उठतो आणि घरभर फिरलेली वायर अँटेनासारखी तो झेलते. एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाल्यास आपोआप पडणारा बोर्डातील स्विच, इतक्या कमी वेळात उघडत नाही, आणि स्टॅबिलायझर या कामासाठी बनवलेलाच नसतो.

पहिले काम आर्थिंगचे. कित्येक जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटमधील वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नसते. परवानाधारक वायरमनकडून आर्थिंग मोजून घ्यावे, आणि गच्चीवर तडितरक्षक असेल तर त्याचे आर्थिंग व घराचे आर्थिंग एकमेकांस जोडलेले आहे याची खात्री करावी. ही दोन्ही अलग ठेवावीत असा समज सर्रास आढळतो. परंतु अलग ठेवल्यास वीज पडताना दोहोंच्या विद्युतदाबात (व्होल्टेजमध्ये) प्रचंड फरक पडतो आणि तो घरातील उपकरणांमधून वाट काढतो.

त्यानंतर मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे अचानक उसळलेला दाब आर्थकडे वळवणारे एसपीडी, बसवावे. साध्या घराला टाइप २, म्हणजे तारांतून आलेली उसळी रोखणारे, चालते. तडितरक्षक असलेल्या इमारतीत टाइप १ (थेट विजेचा प्रवाह झेलणारे) आणि २ एकत्र असलेले घ्यावे. मात्र महागडे एसपीडीही चुकीच्या जोडणीने वाया जाते. माझ्या घरी बोर्ड नीटनेटका दिसावा म्हणून वायरमनने आर्थची हिरवी वायर कडेकडेने वळवत, वर एक वेटोळे घालून नेली होती, आणि ती भरली जवळजवळ दीड मीटर. प्रवाह दर मायक्रोसेकंदाला हजार अँपिअरने चढत असेल तर एक मीटर वायरीवरच सुमारे १,००० व्होल्टचा दाब उभा राहतो, आणि तो एसपीडीने रोखलेल्या दाबात भर घालतो. म्हणून एसपीडीच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत, सरळ आणि विनावेटोळ्याच्या असाव्यात. मी ती वायर कापून घेतली. बोर्ड आता तितका देखणा दिसत नाही, पण जोडणी बरोबर आहे.

टीव्ही जळतो तो अनेकदा डिशच्या केबलमुळे. एका बाजूने वीजपुरवठा आणि दुसऱ्या बाजूने गच्चीवरची केबल येते, आणि दोहोंच्या दाबातील फरक मधल्या सर्किटवर पडतो. म्हणून डिशची केबल आणि तांब्याची इंटरनेट केबल मेन बोर्डाजवळूनच घरात आणून त्यांचे धातूचे आवरण बोर्डाच्याच आर्थ पट्टीला जोडावे. फायबरच्या काचेच्या धाग्यातून हा धोका येत नाही. छतावर सोलर असेल तर पॅनेलच्या डीसी बाजूला डीसीचेच एसपीडी लागते. एसीचे तेथे वापरू नये.

एवढे करूनही जवळ पडलेल्या विजेपुढे प्लग काढून ठेवण्याइतका खात्रीचा उपाय नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप परिसरातील विजांची सूचना देते. ती मिळताच, गडगडाट डोक्यावर येण्यापूर्वी, वीज आणि केबल अशा दोन्ही पिना काढाव्यात, आणि वादळ सुरू झाल्यावर त्यांना हात लावू नये. पाऊस ओसरल्यावर एसपीडीच्या खिडकीत पाहावे: हिरव्याच्या जागी लाल दिसल्यास त्याने आपला मार सोसलेला असतो, आणि पुढच्या वळवाआधी त्याचे कार्ट्रिज बदलावे लागते.