आधी आणे मोजा, मग इंग्रजी लिहा

देवगडच्या आमच्या बागेतला हापूस लंडनच्या एका व्यापाऱ्याकडे जातो. त्याच्याशी पत्रव्यवहार मी बघते. पहिल्या हंगामात मी त्याला लिहिलं, ‘यू मस्ट कट द फ्रूट अँड चेक.’ माझ्या मनात होतं, ‘एखादं कापून बघा ना.’ त्याला तो हुकूम वाटला. ‘यू माइट वॉन्ट टू कट वन ऑर टू’ असं लिहायला हवं होतं.

कापायचं ते साक्यासाठी. फळ बाहेरून सोन्यासारखं, आत मात्र पांढुरका, स्पंजासारखा आंबूस गर. नुसत्या नजरेनं तो ओळखता येत नाही. म्हणून खरं वाक्य एकच: ‘सम ऑफ द फ्रूट मे हॅव स्पॉन्जी टिश्यू.’ ‘विल हॅव’ लिहिलं तर गिऱ्हाईक पेटीच घेणार नाही. साका नाहीच असं लिहावं, तर तशी खात्री मला कुठून असणार?

तोडीच्या वेळी आमच्याकडे फळ ‘चौदा आणे’ तयार झालंय का ते बघतात. लिहिण्याआधी मी माझ्या माहितीचे आणे तसेच मोजते. सोळा आणे खात्री असेल तर सरळ ‘इज’. चौदा आणे असेल तर ‘प्रॉबॅब्ली’ किंवा ‘इज लाइकली टू’. आठ आण्यांना ‘मे’, ‘माइट’. खुणा दिसतात पण पक्कं ठाऊक नाही, तिथे ‘इट सीम्स’, म्हणजे आपलं ‘असं दिसतंय’. पैसे आले नाहीत तर ‘यू हॅव नॉट पेड’ असं लिहू नका. ‘इट सीम्स द पेमेंट हॅज नॉट रीच्ड अस यट’ लिहा. चूक बँकेचीही असू शकते. नेहमीचा अनुभव सांगायचा तर ‘टेंड्स टू’: झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळात साका जास्त धरतो, पण प्रत्येकात नाही.

विनंतीसाठी मला सगळ्यात आवडतं ते ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’. काम आत्ताचं, मग क्रियापद भूतकाळी का? शेजारणीकडे कढई मागायला गेल्यावर आपणही ‘म्हटलं, जरा विचारावं’ असंच म्हणतो की! तिला नाही म्हणायला जागा राहते.

एका वाक्याला असा एकच शब्द पुरे. ‘परहॅप्स इट माइट पॉसिबली’ वाचून समोरच्याला वाटेल, हिला काहीच माहीत नाही. आणि ‘मेबी’ जोडून लिहिलं तर ‘कदाचित’, ‘मे बी’ तोडून लिहिलं तर ‘असू शकेल’. ही गल्लत मी अजून रोज बघते.

तपासणीच्या कागदांवर मात्र यातलं काही चालत नाही. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने मे २०१४ पासून भारतीय आंब्यावर बंदी घातली होती. ती २०१५ च्या सुरुवातीला उठली. फळमाशी मारण्यासाठीची गरम पाण्याची प्रक्रिया केली असेल तर ‘द फ्रूट हॅज बीन ट्रीटेड’. केली नसेल तर ‘हॅज नॉट बीन’. पेट्या किती, वजन किती, तोड कधीची, तेही असंच सरळ.