अक्षता पडायच्या आधी

दादर-गिरगावकडच्या मंगल कार्यालयात सकाळी हॉल ताब्यात मिळतो तेव्हा डेकोरेशनवाला अजून फुलं टोचत असतो. लग्नाच्या फोटोंसाठी फ्लॅशचे स्टँड लावायचे ते याच गडबडीत, म्हणून बाकीचं आदल्या रात्रीच उरकायचं. तीन फ्लॅशचे बारा सेल आणि तेवढेच जादा, सगळे रिचार्जेबल, चार-चारच्या संचात. एका फ्लॅशमध्ये जुने-नवे मिसळायचे नाहीत. ट्रिगरचे, म्हणजे कॅमेऱ्यावरून बिनतारी फ्लॅश उडवणाऱ्या डबीचे, सेल वेगळे ठेवायचे, नेमके तेच घरी राहतात.

पोचल्यावर आधी व्हिडिओवाल्याला आणि मुलाकडच्या फोटोग्राफरला ट्रिगरचा चॅनेल विचारून घ्यायचा. सगळ्यांकडे गोडॉक्स कंपनीचे फ्लॅश आणि सगळे चॅनेल १ वर, हे हमखास. तिथे ३२ चॅनेल आहेत, शिवाय १ ते ९९ आयडी. दोन्ही बदलून टाकायचे. नाहीतर दुसऱ्याच्या क्लिकवर आपला फ्लॅश उडतो आणि आपल्या क्लिकच्या वेळी तो चार्ज होत बसतो. ऑप्टिकल स्लेव्ह मोड, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की उडायची सोय, बंदच हवा. नाहीतर हौशी काकांच्या कॅमेऱ्याचा फ्लॅशही आपला उडवतो.

आता जागा. मुख्य फ्लॅश कॅमेऱ्याच्या जवळ, थोडा बाजूला आणि उंच, छत्रीतून. तो नवऱ्याच्या पाठीकडून तिरका लावला तर अंतरपाटाची सावली थेट नवरीच्या तोंडावर. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर दुसरा वर मारायचा, गर्दीला तेवढा उजेड पुरतो. सोनेरी पीओपी असेल तर तो नाद सोडायचा, सगळ्यांना कावीळ झाल्यासारखं दिसतं.

तिसऱ्यावर मात्र वेळ घालवायचा. खरा फोटो तोच देतो. बोहल्याच्या मागे, खांबाआड, डोक्याच्या वर, तोंड कॅमेऱ्याकडे, पॉवर पूर्ण ताकदीच्या १/१६ च्या आसपास. अक्षता हवेत असतात तेव्हा मागून उजेड आला की तांदळाचा दाणा न् दाणा चमकतो, होमाचा धूरही दिसतो. समोरून मारलेल्या फ्लॅशमध्ये त्याच अक्षता शालूवर पांढरे डाग होतात. पॉवर कमी ठेवली की झगझगाटही कमी वेळ टिकतो, म्हणून दाणे थिजलेले मिळतात. फ्रेममध्ये फ्लॅशचं डोकं दिसत नाही ना, हे कॅमेऱ्यातून बघायचं, अंदाजाने नाही. सहायकाला बोहल्यावर उभं करून त्याच्याकडून मूठभर तांदूळ उडवून घ्यायचे. भटजी हसतील, हसू देत.

हॉल रिकामा असताना सगळं चालतं, याच्यावर जायचं नाही. ट्रिगरची २.४ गिगाहर्ट्झची लहर माणसांच्या शरीरात शोषली जाते. म्हणून मागचा फ्लॅश गर्दीच्या डोक्यावर राहील इतका स्टँड उंच करायचा. अंतर दुप्पट झालं तर उजेड चौथाई उरतो. जागा हलवली की पॉवर पुन्हा लावायची.

हॉलचे दिवे पिवळे असतील तर समोरच्या दोन्ही फ्लॅशवर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक प्लास्टिक. ते फोर्टात बोरा बाजारात मिळतं. तुकडे कापून बॅगेतच ठेवावेत. मुंबईत वीज ५० हर्ट्झची, तेव्हा एलईडी दिव्यांमुळे फोटोत पट्टे आले तर शटर १/१०० करून बघायचं.

स्टँडच्या पायांवर वाळूची पिशवी आणि टेप. करवल्या, लहान मुलं, अक्षता टाकायला पुढे सरसावणारे पाहुणे, कोणीही अडखळू शकतं. आणि प्रत्येक फ्लॅशचं ऑटो-ऑफ मेनूत जाऊन बंद करायचं. मंगलाष्टकं म्हणायला आत्या-मावश्यांची रांग लागली की फ्लॅश तेवढ्यात झोपी जातो.