भगिनी शहरांची मैत्री: करारानंतर होणाऱ्या या चुका टाळा

पुण्यात सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं आहे. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली. तिचीच छाप असलेली आणखी एक बाग कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये, केली पार्कात, १९६५पासून आहे. ओकायामा आणि सॅन होजे १९५७पासून भगिनी शहरं, म्हणजे कराराने मैत्री जोडलेली शहरं, तर सॅन होजे आणि पुणे १९९२पासून. बागा सगळ्यांना दिसतात. त्यामागचा पत्रव्यवहार, दौऱ्यांची आखणी, दुभाषांची धावपळ दिसत नाही, आणि गाडी अडते ती नेमकी तिथेच. इथे जपानी शहरांशी संबंध जोडणाऱ्या आपल्या शाळा, मंडळं आणि पालिकांच्या दृष्टीने लिहिलं आहे.

सह्या झाल्या की नातं जुळलं, असं धरून चालणं

जपानमध्ये स्थानिक संस्थांचं आंतरराष्ट्रीय काम पाहणारी 'क्लेअर' ही संस्था भगिनी शहर म्हणून नोंद करताना तीन गोष्टी बघते: दोन्ही बाजूंच्या प्रमुखांच्या सह्यांचा करार, एकाच विषयापुरती मर्यादित नसलेली देवाणघेवाण, आणि सभागृहाची मंजुरी. म्हणजे 'फक्त शालेय सहलींसाठी' केलेला करार तिथे या यादीत बसत नाही. आपल्याकडे पालिकेला परदेशी शहराशी करार करायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि परराष्ट्र मंत्रालयाची संमतीही हवी. ही संमती हातात येण्याआधी समारंभाची तारीख जाहीर करू नका. तारीख पुढे ढकलावी लागली की समोरच्या महापौरांची अडचण होते, आणि तिकडे ती लवकर विसरली जात नाही.

एवढी तयारी नसेल तर घाई कशाला? दोन शाळांच्या साध्या सहकार्यपत्राने सुरुवात करा. त्यात चारच गोष्टी स्पष्ट लिहा: वर्षात कोणते दोन-तीन उपक्रम, कुणाचा खर्च कोण करणार, संपर्क कोणाकडे, आणि आढावा कधी. संपर्क माणसाच्या नावावर ठेवू नका, पदावर ठेवा, आणि ईमेलही पदाचाच ठेवा. आपल्याकडे आयुक्त बदलतात, जपानी कार्यालयांतही दर काही वर्षांनी एप्रिलमध्ये बदल्या होतात. संबंध थंडावण्यामागे बहुतेक वेळा भांडण नसतं. नव्या माणसाला जुनी फाइल सापडलेली नसते, एवढंच. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत एक पानाचं टिपण दोन्हीकडे पाठवावं: झालेलं काम, राहिलेलं काम, पुढची तारीख.

आपल्या सुट्ट्यांवरून त्यांच्या सुट्ट्या ठरवणं

जपानचं आर्थिक आणि शालेय वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. आपली मुलं मे महिन्यात मोकळी असतात, पण तेव्हा तिथल्या शाळेचं वर्ष नुकतंच लागलेलं असतं. २९ एप्रिल ते ५ मेच्या सुमारास 'गोल्डन वीक' ही सुट्ट्यांची मालिका, ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पूर्वजांच्या स्मरणाचा सण आणि वर्षअखेर ते ३ जानेवारी, या काळात तिथे कार्यालयं आणि घरं दोन्ही गुंतलेली असतात. साधा नियम असा: पाहुण्यांनी आपल्या सुट्टीत जावं, यजमानांची शाळा चालू असावी. त्यामुळे आपली मुलं दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जावीत, तर त्यांची जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये इकडे यावीत. पाऊस असतो, पण वर्ग भरलेले असतात, आणि ऑगस्टच्या शेवटी कधी गणपतीही सापडतात. त्यांच्या निधीतून काही हवं असेल तर प्रस्ताव आदल्या सप्टेंबरपर्यंत पोचवा. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची जुळवाजुळव शरदातच सुरू होते.

दुभाषी म्हणून 'जपानी येणारा कुणीतरी' उभा करणं

पुण्यात जपानी शिकणारे भरपूर आहेत, ही आपली मोठी जमेची बाजू. पण जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ किंवा एन-३ पातळी झालेला विद्यार्थी बाजार दाखवायला उत्तम, महापौरांच्या भेटीत मात्र त्याचा जीव टांगणीला लागतो. तिथे एन-१ ही सर्वात वरची पातळी आणि दुभाषी म्हणून कामाचा सराव, दोन्ही हवं. दहा मिनिटांचं भाषण अनुवादासह वीस मिनिटांचं होतं, हे कार्यक्रमपत्रिकेत धरा. भाषणाचा मजकूर किमान सात दिवस आधी द्या. त्यात अभंग किंवा ओवी असेल तर अर्थ वेगळ्या कागदावर द्या, कारण मंचावर कुणालाही तुकोबांचा अनुवाद जमत नाही. आणि शक्य असेल तिथे मराठीतून थेट जपानीत जा. दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, 'पुण्यात', 'पुण्याला' यांतल्यासारखे प्रत्ययही नामाच्या मागूनच लागतात. मधे इंग्रजी घातलं की वाक्य दोनदा उलटावं लागतं.

नावांची गफलत तर हमखास होते. जपानीत र, ल, ळ असा भेद नाही, त्यामुळे 'बाळकृष्ण' तिथे 'बारुकुरिशुना'च्या जवळपास जातं. शिवाय तिकडे आडनाव आधी असतं, आणि आपल्यात मधे वडिलांचं किंवा पतीचं नाव. मग 'सुनीता रमेश पाटील' या बाईंना दोन दिवस 'रमेशसान', म्हणजे 'रमेशजी', ऐकावं लागतं. उपाय: प्रत्येकाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर आडनाव ठळक आणि काताकाना लिपीत (जपानीत परदेशी नावं हिच्यात लिहितात), खाली 'पाटीलसान म्हणा' अशी जपानी ओळ. काताकाना जपानी माणसाकडून तपासून घ्या.

'शाकाहारी' एवढंच कळवणं

मांस नाही, एवढाच त्याचा अर्थ घेतला जातो. मिसो सूपचा, तेम्पुराच्या चटणीचा, उकडलेल्या भाजीचाही पाया बहुधा 'दाशी', म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असतो आणि तो वाळवलेल्या बोनिटो माशाचा असतो. वाटीत भाजीच दिसते, म्हणून यजमान काकूंनाही शंका येत नाही. जपानीत छापलेलं कार्ड द्या: मासा नको, माशाची दाशी नको, अंडं चालतं की नाही, जैन असल्यास कांदा-लसूण आणि कंदमुळं नकोत. सोबत पर्यायही लिहा, कोम्बु या समुद्री शेवाळाची किंवा शिताके मशरूमची दाशी चालेल. देवळांमधलं 'शोजिन र्योरी' हे जेवण मूळचंच मांस-मासे-कांदा-लसूणविरहित असतं. वाकायामा प्रांतातल्या कोयासान या बौद्ध देवळांच्या डोंगरावर ते मिळतं. २०१५ साली डॉ. आंबेडकरांचा पुतळा बसला, तेच हे कोयासान. मराठी गटाच्या दौऱ्यात ही जागा घ्यावीच.

सामानात अडकणारं सामान

हापूसची पेटी हौसेने नेऊ नका. भारतीय आंब्याला जपानमध्ये ठरावीक वाफप्रक्रिया आणि प्रमाणपत्राशिवाय प्रवेश नाही, पेटी विमानतळावरच राहते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा थेट लावू नका: तिथे १०० व्होल्टची वीज आणि दोन चपट्या पट्ट्यांचा प्लग, म्हणून बॅटरीवर चालणारा न्या. सभागृहात समई पेटवायची असेल तर अग्निशमन विभागाची परवानगी आधी काढावी लागते. ती यजमानांनाच काढावी लागते, तेव्हा महिनाभर आधी सांगा, नाहीतर विजेचे दिवे ठेवा. भेटवस्तू चारच्या संचात नकोत, कारण तिथे चारचा उच्चार मृत्यूशी जुळतो.

पैसे आधी, कायदा नंतर

जपानी संस्थेने उत्साहाने पैसे पाठवले आणि आपल्या मंडळाची परदेशी देणगी कायद्याखाली नोंदणी नसली, तर घोटाळा होतो. नोंदणीनंतरही रक्कम दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच घ्यावी लागते, आणि २०२०पासून ती दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही. त्यामुळे 'त्यांची नोंदणी आहे, त्यांच्यामार्फत घेऊ' हा मार्ग बंद आहे. त्यापेक्षा प्रत्येक बाजूने आपल्या माणसांचा प्रवासखर्च आपण करावा, राहणं-जेवण यजमानांनी. नगरसेवक किंवा सरकारी कर्मचारी परदेशी पाहुणचार घेणार असतील तर त्यांना केंद्राची पूर्वपरवानगी लागते. अर्ज प्रवासाच्या किमान दोन आठवडे आधी करावा.

सगळा भार दोन महापौरांवर टाकणं

सॅन फ्रान्सिस्को आणि ओसाका १९५७पासून भगिनी शहरं होती. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेल्या स्त्रियांच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्मारकावरून वाद झाला आणि २०१८मध्ये ओसाकाच्या महापौरांनी नातं तोडलं. असा प्रसंग आला तर शाळा-शाळांमधली पत्रं, दोन भजनी मंडळांची ओळख, एका घरातून दुसऱ्या घरी जाणारी राखी, हे धागे पालिकेच्या मान्यतेवाचूनही चालू राहायला हवेत. म्हणून पहिल्याच वर्षी वीस-पंचवीस मुलांच्या जोड्या लावा आणि पत्रं महिन्याला नको, तिमाहीला एक ठेवा. महिन्याचं वेळापत्रक तिसऱ्या पत्राला कोसळतं. संकटातही हेच धागे कामी येतात. योकोहामाच्या यामाशिता पार्कातलं भारतीय व्यापाऱ्यांनी बांधलेलं कारंजं १९२३च्या भूकंपात शहराने दिलेल्या आधाराची परतफेड म्हणून उभं आहे. मुंबई-योकोहामाचा करार त्यानंतर कितीतरी वर्षांनी, १९६५ साली झाला. पूर किंवा भूकंपाची बातमी आली की दोन दिवसांच्या आत चार ओळींचं पत्र जायला हवं, मराठी आणि जपानी दोन्ही भाषांत. त्याचा मसुदा आजच फाइलला लावून ठेवा.