गोळी उलटी येते का? गच्चीवर नेमबाजी करताना या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात भाच्यानं आमच्या गच्चीवर एक जुना लोखंडी तवा भिंतीला टेकवून ठेवला. खोलगट बाजू आमच्याकडं. हातात गॅसवर चालणारं पिस्तूल, त्यात तांब्याचा मुलामा दिलेले पोलादी गोळे. आठ पावलांवरून त्यानं नेम धरला. तव्यावर ‘टण्ण’ वाजलं आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागं जिन्याच्या पत्र्याच्या दारावर दुसरा आवाज आला. ‘मामा, परत आला की हो!’ गोळा आम्हा दोघांच्या मधून गेला होता. दारावर ज्वारीच्या दाण्याएवढा पोचा पडला होता, तो नेमका त्या पोराच्या डोळ्यांच्या उंचीवर.

१ ऑगस्ट २०२४ ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं तर आपल्याकडं त्याआधीपासून घराघरांत आहेत. पोरांना नेमबाजीची ओढ लागावी यासारखं चांगलं काही नाही. पण रेंजवरची शिस्त गच्चीवर आपोआप येत नाही, म्हणून हे लिहितोय.

गोळी उलटी येते, हे आधी मान्य करा. ‘इतक्या वेगानं गेलेली वस्तू परत कशी येईल’ हा भरवसाच घात करतो.

आपल्या डोक्यात कॅरम असतो. स्ट्रायकर कडेला ज्या कोनात लागतो त्याच कोनात निघतो, तेव्हा तिरकं मारलं की गोळी तिकडंच जाणार, असं वाटतं. गोळीचं तसं नसतं. शिसं मऊ असतं. सपाट, कडक पृष्ठभागावर तिरकी लागलेली शिशाची गोळी चपटी होते आणि बहुतेक वेळा आली त्यापेक्षा कमी कोनात, पृष्ठभागाला जवळजवळ घासून पुढं निघते. कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर चपट्या खापरीच्या भाकऱ्या काढतो ना, तोच प्रकार. गोल छर्राही पाण्यावर साधारण ५-६ अंशांहून कमी कोनात लागला तर बुडत नाही, उसळून पुढं जातो. म्हणून तळ्याच्या, विहिरीच्या दिशेनं कधीच बार काढू नये. ही उसळी धोक्याची असतेच, पण ती पुढं आणि बाजूला जाते. थेट आपल्याकडं गोळी परतते ती वेगळ्या कारणांनी.

पहिलं कारण गोळीचा धातू. १० मीटर एअर रायफलचा स्पर्धेचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. नळीतून तो सेकंदाला साधारण १७५ मीटर वेगानं निघतो. पत्र्याला सरळ लागला की त्याची बहुतेक ताकद चपटं होण्यातच संपते. उचलून बघा, कपाळाच्या टिकलीएवढा पातळ झालेला असतो. स्पर्धेच्या नियमांतही शिसं किंवा तसाच मऊ पदार्थ एवढीच परवानगी आहे. पोलादी गोळा मात्र चपटा होत नाही. त्याची ताकद त्याच्याजवळच राहते आणि तो ती घेऊन परततो. पोलादी गोळे धातूवर, दगडावर, काँक्रीटवर मारूच नका. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या काळ्या दगडाच्या भिंती यात सगळ्यात वाईट, कारण त्यांना सपाट बाजूच नसते.

दुसरं कारण आकार. तव्याच्या, कढईच्या खोलगट भागात काठाजवळ लागलेला गोळा आतल्या वळणावरून फिरून समोर येतो. खड्डे पडलेला पत्राही तेच करतो, कारण प्रत्येक खड्डा म्हणजे छोटी वाटीच. लायसन्सच्या बंदुकीला हेच लागू. खड्डे पडलेल्या पोलादी प्लेटवरून गोळीचे तुकडे मागं येतात, म्हणून प्लेट गुळगुळीत आणि वरून पुढं झुकलेली ठेवतात, आणि रायफलीसाठी किमान ९०-१०० मीटर अंतर राखतात.

तिसरी चूक टायरची. रबर मऊ, म्हणून सुरक्षित, असं समजून बरेच जण मागं जुना टायर लावतात. रबर गोळीला थांबवत नाही, ताणून परत फेकतं. टायर काढून टाका.

चौथी गोष्ट पटकन पटत नाही: कमजोर बंदूक जास्त उलटवते. गॅस संपत आला किंवा स्प्रिंग ढिली झाली की छर्रा चपटा होण्याइतकाही जोरात लागत नाही, लाकडात रुततही नाही. तो नुसता उडून परत येतो. ‘आता दमच नाही यात’ म्हणून चष्मा काढून ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

छर्रापेटी, म्हणजे छर्रे अडवून धरणारी पेटी, घरची करायची असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातला कुठलाही फॅब्रिकेटर करून देईल. ३ मिलिमीटरची एमएस (साध्या पोलादाची) प्लेट पेटीत ४५ अंशांत बसवायची, वरची कड आपल्याकडं झुकलेली, म्हणजे छर्रा खाली पडतो. तळाला चिंध्या किंवा वाळू. वेल्डिंगची माळ आणि बोल्टची डोकी मागच्या बाजूला घ्यायला सांगा, पुढं काही राहिलं तर ग्राइंडर मारून सपाट करून घ्या. त्या एवढ्याशा उंचवट्यावरून छर्रा कुठंही जातो. पेटीच्या तोंडाशी गोणपाट सैल सोडा, मागं येणारे कण त्यात अडकतात. पेटी शिशासाठी आहे, पोलादी गोळ्यांसाठी नाही.

पेटी नीट काम करते का, हे बघायला गोणपाटाऐवजी दहा-वीस फैरींपुरता वर्तमानपत्राचा कागद लावा. भोकाच्या कडा पेटीच्या आत वळलेल्या असतील तर तो छर्रा जातानाचा. एखाद्या भोकाची कड आपल्याकडं फाटलेली दिसली, तर काहीतरी परत येतंय. तेव्हा थांबा, प्लेट तपासा. बहुतेक वेळा आत जुन्या शिशाचा ढेकूळ जमलेला असतो आणि नवे छर्रे त्यावरून उडत असतात. तो खरवडून काढा, हात साबणानं धुवा, मगच खाण्यापिण्याला हात लावा.

डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा, बाजूनं बंद असलेला. नंबरचा साधा चष्मा पुरत नाही. मारणाऱ्यालाच नव्हे, बघणाऱ्यांनाही तो लागतो. भाच्यामागं उभा राहून मी कौतुक करत होतो, तेव्हा माझे डोळे उघडेच होते.

तरीही डोळ्याला लागलंच तर चोळू नका, पाणी मारू नका, आत काही दिसलं तरी काढायला जाऊ नका. कागदी कपाचा तळ डोळ्याला न टेकता वरून धरा, कडा कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकवून चिकटपट्टी लावा, आणि ताबडतोब नेत्रतज्ज्ञ असलेल्या दवाखान्यात न्या. रक्त दिसत नसलं, दुखत नसलं, तरी न्याच.