बऱ्याच वर्षांनी पापनिवेदनाला जाताना

अकरा वर्षं मी पापनिवेदनाला, म्हणजे चर्चमध्ये फादरांपुढे आपली पापं कबूल करायला, गेले नव्हते. वसईतल्या आमच्या वाडीत विहिरीच्या पाण्यावरून जावेशी बोलणं तोडलं होतं, आणि नेमकं तेच तोंडातून निघत नव्हतं. तुमचंही असं काही अडलं असेल, तर मला जमलं ते सांगते.

आदल्या रात्री बायबलमधलं स्तोत्र 51 सावकाश वाचा. व्यभिचार आणि खून हातून घडल्यावर दावीद राजाने केलेली ही विनवणी. ती वाचली की आपली लाज उच्चारायला धीर येतो. मग दहा आज्ञा एकेक घेऊन मन तपासा.

फादरांना आधी सांगा, शेवटचं पापनिवेदन कधी झालं. पश्चात्तापाची प्रार्थना विसरला असाल तर तेही सांगा, ते म्हणवून घेतात. ऐकलेलं कुणालाही न सांगण्याचं त्यांच्यावर कडक बंधन असतं.

सगळ्यात अवघड पुढेच. आपलं पाप सांगायचं, दुसऱ्याचं नाही. मी “जावेनं आधी...” म्हणून सुरुवात केली आणि थांबले. पुन्हा म्हटलं, “मी तिचा द्वेष केला.” रडूच कोसळलं. बायबलमध्ये लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला बाप, परत येणाऱ्या मुलाने तोंड उघडायचीही वाट पाहत नाही, धावत जाऊन मिठी मारतो. ते मला त्या दिवशी कळलं.

दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी करा. नुकसान केलं असेल तर भरून द्या. मी संध्याकाळी केळ्यांची फणी घेऊन जावेच्या ओट्यावर गेले. तिने पाट पुढे सरकवला.