गावातलं हत्तीरोगाचं प्रमाण काढताना या चुका टाळा

एखाद्या गावाच्या अहवालात मायक्रोफायलेरिया दर, म्हणजे तपासलेल्या लोकांपैकी किती टक्क्यांच्या रक्तात हत्तीरोगाच्या कृमीची पिल्लं सापडली तो आकडा, शून्य दिसला की मी आधी रजिस्टरमधला रक्त घेतल्याच्या वेळेचा रकाना बघतो. तो कोरा असेल तर त्या शून्याला माझ्या लेखी काही किंमत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हत्तीरोग जुना आहे. सर्वेक्षणाला दर वेळी नवी मुलं येतात आणि चुका मात्र त्याच होतात.

संध्याकाळीच रक्त घेऊन मोकळं होणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीनं होतं. आपल्या देशातला हत्तीरोग जवळजवळ सगळा वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीमुळे होतो. मोठे कृमी लसिकावाहिन्यांत ठाण मांडून बसतात. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुप्फुसांतल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून राहतात आणि रात्र चढली की बोटाच्या रक्तात येतात. त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. रक्तात त्यांची गर्दी सर्वांत जास्त असते ती साधारण रात्री १० ते २ या वेळात. या कृमीची डासाच्या अंगात वाढ होते हे पॅट्रिक मॅन्सन यांनी चीनमधल्या आमॉय इथं १८७७ मध्ये पाहिलं, आणि पिल्लांचं हे रात्रीचं येणं-जाणंही त्यांनीच नोंदवून ठेवलं. इतकी जुनी गोष्ट, तरी पथकं दिवेलागणीला बोटं टोचतात.

धानपट्ट्यातलं एक गाव आठवतं. पथक साडेसहाला कामाला लागलं आणि आठला गाडीत बसलं. सगळ्या पट्ट्या, म्हणजे रक्ताचा थेंब पसरलेल्या काचा, निगेटिव्ह. त्याच गावात अंडवृद्धीचे रुग्ण होते (अंडकोषाची ही सूजही हत्तीरोगाचीच खूण), एका तरुणाचा पाय नुकताच सुजायला लागला होता आणि घरांमागच्या तुंबलेल्या नालीत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. हा निकाल मला पटेना. पथकाला परत नेलं, त्याच गल्लीत, रात्री १० नंतर. एका घरी आजोबा गाढ झोपले होते. "परवाच तर नेलं ना रक्त! आता झोपेतून उठवता?" ते वैतागले, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. आशाताई खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "बाबाजी, हा जंतू दिवसा निजते अन् रात्री फिरते. त्याले धरायचं तं आपल्यालेच जागावं लागते." आजोबांनी बोट पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची पट्टी भिंगाखाली ठेवली. जांभळ्या ठिपक्यांची रांग भरलेला, डौलदार वळणाचा जंतू, भोवती फिकट आवरण, शेपटीचं टोक केंद्रकांविना रिकामं. वुचेरेरियाच. त्याच गल्लीतल्या आणखी पट्ट्यांतही तो सापडला. आजोबांच्या पायाला सूज नव्हती, तापही नव्हता. पहिल्या अहवालावर विसंबलो असतो तर डास त्यांच्याकडून जंतू उचलून शेजारच्या घरांत नेत राहिले असते.

सरकारी हत्तीरोग कार्यक्रमात रक्त घेण्याची वेळ रात्री ८:३० ते १२ अशी आहे. मी स्वतः ९:३० च्या आत सुई हातात घेत नाही आणि प्रत्येक पट्टीपुढे वेळ लिहायला लावतो. घाई असलेल्यांना हे जाचक वाटतं, वाटू दे. ज्याला रात्री जागायचं नाही त्यानं हे काम घेऊ नये. काही जण डीईसीची (हत्तीरोगावरच्या औषधाची) गोळी देऊन दिवसाच जंतू रक्तात उतरवण्याची युक्ती सांगतात. ज्याच्या रक्तात जंतू थोडे असतात तो माणूस या पद्धतीत हमखास निसटतो, आणि आपल्याला नेमका तोच शोधायचा असतो.

सुजलेले पाय मोजून "दर" सांगणं

गावात हत्तीपायाचे चार रुग्ण दिसले म्हणून रोग फार, आणि एकही दिसला नाही म्हणून रोग गेला, हे दोन्ही निष्कर्ष चूक. ज्याच्या रक्तात जंतू फिरतात त्याला बहुतेक वेळा बाहेरून काहीच दिसत नाही. आणि ज्याचा पाय जुना सुजलेला आहे त्याच्या रक्तात बरेचदा जंतू सापडत नाहीत. सूज ही कित्येक वर्षांपूर्वी झालेल्या संसर्गाची खूण आहे. आज प्रसार चालू आहे का, हे रक्तच सांगतं. दोन्ही आकडे घ्या, पण वेगवेगळ्या रकान्यांत. अंडवृद्धीबद्दल पुरुष चारचौघांत तोंड उघडत नाहीत. तिथं पुरुष आरोग्य सेवकानंच, बाजूला घेऊन, नीट विचारावं.

कुलूप दिसलं की पुढचं घर

पुरुष रात्री शेतावर जागलीला जातात. मग पट्ट्या बायका-मुलांच्याच भरतात आणि दर "गावाचा" म्हणून लागतो. दिवसा आशाताईंबरोबर फेरी मारा, कोण कुठं असेल ते विचारा आणि शेवटचा टोला (गावाच्या टोकाची वस्ती) आधी घ्या. गाडीजवळची घरं नंतरही होतात. दर काढताना भागायचं ते तपासलेल्या पट्ट्यांनी, गावच्या लोकसंख्येनं नव्हे.

आता बारीकसारीक. रक्त २० घनमिलिमीटर म्हणजे २०च, अंदाजानं थेंब टेकवू नका. जाड पट्टी आधी पाण्यात धुऊन हिमोग्लोबिन काढा, मिथेनॉल त्यानंतर. क्रम उलटला की पट्टी वाया. वाळत ठेवलेल्या पट्ट्या उघड्या ठेवू नका, मुंग्या आणि माश्या रक्त खाऊन जातात आणि सकाळी काचेवर नुसती कड उरते. नंबर काचेवरच लिहा, डब्याच्या झाकणावर नको.

गावभर औषध वाटण्याची मोहीम होऊन महिनाही झाला नाही तोवर रक्त तपासून "रोग संपला" म्हणू नका. शेवटच्या फेरीनंतर किमान ६ महिने थांबा.

एफटीएस पट्टी (बोटाच्या रक्तावर जागेवरच करायची झटपट चाचणी, काचेची पट्टी नव्हे) दिवसाही चालते, कारण ती कृमीचं अँटिजेन, म्हणजे कृमीनं रक्तात सोडलेला अंश, पकडते. ती बरोबर १० मिनिटांनी वाचा. अर्ध्या तासानं उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. औषधानं पिल्लं गेली तरी ही पट्टी बराच काळ पॉझिटिव्ह राहू शकते, म्हणून एफटीएसचा दर आणि रात्रीच्या रक्ताचा दर एकाच आलेखावर मांडू नका. मायक्रोफायलेरिया दर १ टक्क्याच्या खाली आल्यावर ६-७ वर्षांच्या मुलांची जी तपासणी होते, तिथं ही पट्टी कामाची.

आणि पॉझिटिव्ह आलेली नावं अहवालात पडून राहू देऊ नका. मी यादी त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात हातोहात देतो. डीईसी वजनाप्रमाणे, रोज किलोला ६ मिलिग्रॅम, १२ दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटतंय म्हणून लोक गोळ्या सोडतात, तेव्हा त्या आठवड्यात एकदा घरी जाऊन पाकीट बघून यावं.